गॅसची शेगडी व कुकर : ओळख आणि निगा

चुलीचा स्वभाव घरातल्यांना पिढ्यानपिढ्या ठाऊक होता. लाकूड ओले की सुके, हे धूरच सांगे. १९५५ मध्ये बर्मा शेल कंपनीने मुंबईत घरगुती गॅस विकावयास आरंभ केला आणि पुढे तो घरोघर पोहोचला. वस्तू घरात आली, पण तिचा स्वभाव मात्र आपण समजून घेतला नाही, असे आम्हांस वाटते. म्हणून तो येथे थोडक्यात सांगण्याचा आमचा विचार आहे.

सिलिंडरात वायू असतो असे आपण म्हणतो. वस्तुतः त्यात प्रोपेन व ब्यूटेन हे वायू दाबाखाली द्रवरूपात भरलेले असतात. घरगुती सिलिंडरात हा द्रव १४.२ किलो असतो. द्रवाचा वायू झाला म्हणजे त्याचे आकारमान सुमारे अडीचशे पट होते. वरच्या झडपेतून केवळ वायूच यावा, यासाठी सिलिंडर नेहमी उभा ठेवावयाचा असतो. गॅस संपत आला की कित्येकजण तो आडवा करतात. त्यामुळे द्रवच नळीत शिरतो व ज्वाळा भडकते. चार कप चहासाठी एवढे धाडस कशाला?

या वायूला स्वतःचा वास नाही. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचे उग्र वासाचे द्रव्य मुद्दाम मिसळतात. हा वायू हवेहून जड असल्याने जमिनीलगत साचतो. वास येताच रेग्युलेटर बंद करावा, दारेखिडक्या उघडाव्यात आणि विजेचे बटण लावू नये व बंदही करू नये. दोन्ही वेळी ठिणगी पडू शकते. मग बाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर कळवावे. गळती शोधावयाची ती साबणाच्या फेसाने, काडी ओढून कदापि नव्हे.

आता ज्वाळेकडे वळू. ज्वाळा निळी असेल तर वायूत हवा पुरेशी मिसळते आहे. ती पिवळी झाली, भांड्याचे बूड काळे होऊ लागले, की हवा कमी पडते आहे असे समजावे. अशा वेळी इंधन वाया जाते आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायूही निर्माण होतो. बहुधा दोष उतू गेलेल्या दुधाचा असतो. बर्नर थंड झाल्यावर काढून गरम साबणपाण्याने धुवावा, भोके सुईने मोकळी करावीत व पूर्ण वाळवून बसवावा. आतल्या बारीक तोटीत मात्र सुई घालू नये. तिचे छिद्र मोठे झाले तर सारे प्रमाण बिघडते; ते काम जाणत्या कारागिराचे.

कुकरचे मूळ पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६७९ मध्ये दाखविलेल्या भांड्यात आहे. समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांवर उकळते. महाबळेश्वरी ते सुमारे ९५ अंशांवरच उकळते, म्हणून तेथे उघड्या भांड्यात डाळ शिजावयास वेळ लागतो. कुकरमध्ये याच्या उलट घडते. वाफ कोंडून दाब वाढतो व पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत तापते. शिट्टी झाली म्हणजे दाब पुरा झाला. त्यानंतर ज्वाळा मोठी ठेवून उष्णता वाढत नाही, नुसती वाफ निघून जाते. आच मंद करावी, हेच शहाणपण.

डाळीचा फेस वाफेच्या नळीत अडकतो, म्हणून डाळ व पाणी मिळून कुकर निम्म्याहून अधिक भरू नये. पाणी आटले तर सुरक्षा झडपेतील धातू वितळून वाफेला वाट देतो. अशी झडप नवीच घालावी; तिथे दुसरे काही ठोकून बसविणे म्हणजे पहारेकऱ्यालाच बांधून ठेवणे होय. रबरी रिंग ताठर झाली की बदलावी आणि आत वाफ असता झाकण ओढू नये.

श्रोत्यांना आमची एवढीच विनंती आहे : आज घरी गेल्यावर गॅसच्या नळीवरचे साल वाचा, कुकरच्या झाकणातील नळी उजेडाकडे धरून आरपार पाहा आणि ज्वाळेचा रंग निरखा. पाच वर्षांहून जुनी नळी असेल, तर उद्याच बदला.