पन्नास रुपयांची भूतदया

आमच्या गावचा आठवड्याचा बाजार रविवारी भरतो. २०२२ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. कोथिंबिरीची जुडी घासाघीस करून पिशवीत टाकली आणि परतीच्या वाटेला लागलो, तो एस.टी. स्टँडच्या भिंतीशी माणसांचे कोंडाळे दिसले. मास्तराला गर्दीचे वावडे असते हे खरे, पण कुतूहल त्याहून जबर. टाचा उंच करून डोकावलो.

गोणपाटावर तेलाच्या बाटल्या मांडल्या होत्या. शेजारी स्टोव्ह, त्यावर कढई, आणि कढईच्या बाजूला चार घोरपडी. मेलेल्या नव्हेत, चांगल्या जिवंत. त्यांचे पाय पाठीवर ओढून त्यांच्याच बोटांच्या शिरांनी बांधून टाकलेले. एकीची जीभ तेवढी आत-बाहेर होत होती. तेलवाला खणखणीत आवाजात सांगत होता, "गुडघा धरला, कंबर धरली, आठ दिवस लावा!" आणि लोक पाकिटे काढत होते.

वाचकहो, त्या क्षणी माझा संताप अनावर झाला, असे लिहिले असते तर बरे दिसले असते. पण मला आठवली ती आमची आजी. तिच्या उशाशी अशीच एक पिवळट बाटली असे. रात्री शुभंकरोती झाले की तिच्या गुडघ्यांना ते तेल चोळण्याचे काम माझ्याकडे. त्याबद्दल खडीसाखरेचा खडा मिळे. तेल कशाचे, हे मी कधी विचारले नाही. आजीनेही नाही. रोज मुंग्यांना साखर घालणारी ती बाई. तिला कढईजवळ उभे केले असते तर तिने बाटली गटारात ओतली असती. त्या तेलाने गुडघा बरा होतो याला पुरावा नाही, आणि आजीचे गुडघे अखेरपर्यंत दुखतच राहिले.

पुन्हा, मी मराठीचा मास्तर. तानाजीच्या कोंढाण्याची कथा सांगताना यशवंती घोरपडीपाशी आले की माझा आवाज आपोआप चढतो. कडा चढणाऱ्या घोरपडीचे गुणगान वर्गात, आणि कढईतली घोरपड बाजारात! तडक पोलीस चौकी गाठली.

हवालदार भला माणूस होता. त्याने खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाला, "सर, हे वनखात्याचं काम. मी फोन लावतो. बाकी नुसत्या छळाचं कलम लावायचं म्हटलं तर दंड पन्नास रुपये. आणि त्यासाठी तुम्ही कोर्टात चकरा मारणार?"

मला वाटले, तो माझी चेष्टा करतो आहे. घरी येऊन कायदा काढून वाचला. चेष्टा हवालदाराची नव्हती.

या कायद्याची कुळकथा ऐकण्यासारखी आहे. १८९० साली इंग्रजांनी प्राण्यांच्या छळाविरुद्ध कायदा केला, पण त्यात 'प्राणी' म्हणजे पाळलेला किंवा पकडलेला. रानातला मोकळा जीव त्याच्या हिशेबातच नव्हता. पुढे राज्यसभेच्या सभासद झालेल्या नर्तकी रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी १९५३ साली स्वतःचे विधेयक मांडले. सरकारच असा कायदा आणील, असे नेहरूंनी आश्वासन दिले, तेव्हा त्यांनी ते मागे घेतले. त्यातून १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा झाला. यात 'प्राणी' म्हणजे माणसाखेरीज कोणताही जीव. किती मोठे मन! मात्र पहिल्या गुन्ह्याला शिक्षा ठेवली दहा ते पन्नास रुपये दंड. तीन वर्षांत पुन्हा गुन्हा केला तर पंचवीस ते शंभर रुपये, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. बहुतेक गुन्हे अदखलपात्र, आणि तीन महिन्यांच्या आत खटला भरला नाही तर गुन्हा बुडाला.

१९६० साली पन्नास रुपयांना वजन होते; कारकुनाला ते खिशातून काढताना घाम फुटला असता. आज तेवढ्यात दोघांचा वडापाव आणि चहा जेमतेम भागतो. रुपया घसरला, त्याबरोबर मुक्या जिवाच्या वेदनेचा भावही घसरला.

दुसरीकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. तो कडक आहे. घोरपड त्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे. तिला नुसते पकडणे हीसुद्धा शिकारच, आणि त्याला कमीत कमी तीन वर्षे कैद. म्हणजे एका हाताला तीन वर्षे, दुसऱ्या हाताला पन्नास रुपये, आणि मध्ये मोकळे मैदान. ज्या जिवाचे नाव परिशिष्टात नाही, त्याचे हाल करणाऱ्याला पन्नास रुपयांत सुटका. ज्याचे नाव आहे, त्याच्यासाठी गोरगरीब तेलवाल्याला तीन वर्षे आत धाडायला अंमलदाराचेही मन धजत नाही, आणि प्रकरण 'पुन्हा दिसू नकोस' या दमावर मिटते. जिन्याला पहिली पायरी आणि शेवटची पायरी एवढेच असेल, तर चढणार कोण?

इंग्लंडातही असेच मैदान मोकळे होते. तिथे पाळीव जनावराला संरक्षण होते, रानातल्याला नव्हते. १९९६ साली त्यांनी वन्य सस्तन प्राण्यांसाठी वेगळा कायदा केला. ठेचणे, जाळणे, बुडवणे, भोसकणे अशी एकेक कृत्ये नावानिशी लिहून काढली.

आपल्याकडे काहीच घडले नाही, असे नव्हे. लहानपणी आमच्या आळीत दरवेशी अस्वल घेऊन येई. आम्ही टाळ्या पिटायचो. नाकातून तापलेली सळई आरपार घालून ती दोरी ओवतात, हे कुणाच्या गावी होते? १९९८ साली सरकारने अस्वल, माकड, वाघ, सिंह, बिबट्या यांचे खेळ करण्यावर बंदी घातली. पण अस्वले सुटली ती नुसत्या बंदीने नव्हे. स्वयंसेवी संस्थांनी दरवेशांना दुसरा धंदा काढून दिला, त्यांच्या मुलांना शाळेत घातले, आणि सहाशेंहून अधिक अस्वले दोरीतून मोकळी झाली. कायद्याच्या जोडीला पोटाची सोय हवी, हा त्यातला धडा.

त्या रविवारी वनखात्याची माणसे दोन तासांनी आली. तेलवाला कधीच पसार झाला होता. हातगाडीखाली पोत्यात एक घोरपड तेवढी राहिली होती. शिरा सोडवल्या, पण पाय उचलण्याचे बळ तिच्यात उरले नव्हते. रात्री ती गेली.

त्याच वर्षी नोव्हेंबरात सरकारने १९६० चा कायदा सुधारण्याचा मसुदा काढून लोकांची मते मागवली. दंड हजारांच्या घरात आणि क्रूर छळाला कैद, असे त्यात होते. मी वर्गात त्या घोरपडीची हकिगत सांगितली. मुलांनी त्रेचाळीस पत्रे लिहिली. शुद्धलेखनाच्या चुका मी मुद्दाम सुधारल्या नाहीत. तळमळीला ऱ्हस्वदीर्घ लागत नाही. एका मुलीने लिहिले होते, "माझ्या आजोबांकडे ही बाटली आहे. मी त्यांना सगळे सांगितले. ते गप्प बसले." तो मसुदा पुढे मसुदाच राहिला. आम्ही दरवर्षी आमच्या खासदारांना पुन्हा पत्रे लिहितो. पोच येते. हेही नसे थोडके.

मला विचाराल तर ते आजोबा गप्प बसले, तिथेच निम्मा कायदा झाला. उरलेला निम्मा संसदेने करायचा आहे. मधल्या पायऱ्या बांधायच्या आहेत. कढई पेटते ती गिऱ्हाइकाच्या पैशावर, आणि गिऱ्हाईक म्हणजे मी, तुम्ही, आमची आजी.

आता नरकचतुर्दशीची पहाट येईल. घरोघरी तेल-उटणे निघेल. आमच्याकडे खोबरेल असते. अंगाला लावताना मला त्या पिवळट बाटलीची आठवण होते, आणि खडीसाखरेची चव अजून थोडी कडू लागते.