बूड टेकण्याची जागा

बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या धरणावर मासे धरायचे म्हणजे पाण्यावर तासन्‌तास बसायचे. सिंदफणेवरचे हे धरण जायकवाडीच्या दुसऱ्या टप्प्यातले. त्याच्या फुगवट्यात रोहू, कटला, मृगळ धरणारे कुणी लहान होडीत असतात, कुणी थर्माकोलच्या चप्पूवर, म्हणजे तराफ्यावर. चप्पूवर मांडी घालावी लागते, होडीत आडव्या फळीवर बूड टेकायचे. दोन्हीकडे पाठीला आधार नाही, बुडाखाली ओल, डोक्यावर ऊन. तासाभरात कंबर धरते, पायांना मुंग्या येतात आणि माणूस अंग मोकळे करायला उठतो. लहान होडीतला सगळ्यांत धोक्याचा क्षण हाच. म्हणून होडीतल्या आरामाला चैन म्हणून उडवून लावता येत नाही; अवघडलेला माणूस उठणारच. पण जी सोय त्याला बसल्या जागी उंच करते, तीही तितकीच घातक. ॲल्युमिनियमच्या हलक्या होडीत काहीही बसवण्याआधी एवढेच विचारावे, की याने माणूस खाली राहील की वर चढेल?

हा प्रश्न आकड्यांत मांडला की सोपा होतो. बारा फुटी ॲल्युमिनियमची होडी साधारण एका माणसाच्या वजनाची असते. तिच्यात दोघे बसले, की एकूण भाराचा दोन तृतीयांश भाग माणसांचाच. म्हणजे होडीचा तोल होडीपेक्षा माणसांच्या उंचीवर ठरतो. तळापासून फूटभर उंच फळीवर बसलेल्या माणसाचा भार तळापासून अर्ध्या मीटरवर केंद्रित असतो. तोच माणूस तळावर उभा राहिला, की तो भार बेंबीच्या आसपास, जवळजवळ एक मीटरवर जातो. आता आरामासाठी लोक काय करतात ते पाहा. तळापासून फूटभर उंचीवर प्लायवूडची सपाट जमीन करतात आणि तिच्यावर दांड्याची फिरती खुर्ची बसवतात. एक फूट जमीन, दीड फूट खुर्ची, त्यावर माणूस. हिशेब केला तर खुर्चीत निवांत रेललेल्या त्या माणसाचा भार तळावर उभ्या असलेल्या माणसाइतकाच उंच निघतो. त्याला वाटते आपण बसलो आहोत. होडीच्या लेखी तो दिवसभर उभा आहे. आणि मासा लागल्यावर तो खरेच उठला, तर काय होईल ते सांगायला नको.

दुसरी चूक याच कामात होते. जागा मोकळी करण्यासाठी मूळची आडवी बाके कापून काढतात. ती बाके निव्वळ बसण्यासाठी नसतात. दोन्ही बाजूंचे पत्रे ती एकमेकांपासून ठरल्या अंतरावर धरून ठेवतात. ती गेली की लाटेवर होडीच्या कडा आतबाहेर लवतात आणि रिव्हेट ढिले होतात. शिवाय अनेक होड्यांत बाकाच्या पोकळीत फोम भरलेला असतो. ॲल्युमिनियम पाण्याच्या 2.7 पट जड. होडीत पाणी भरले तर ती फोमवरच तरंगते. एक घनफूट थर्माकोल पाण्यात साधारण 27 किलो उचलून धरतो, त्यामुळे सत्तर किलोची रिकामी होडी दोन घनफुटांत जेमतेम तगते. इंजिन आणि माणसांसाठी आणखी हवा. काढलेला फोम नव्या जमिनीखाली कोंबला म्हणजे भरपाई झाली, असेही नाही. पाणी भरल्यावर तळाचा फोम वर येऊ पाहतो आणि होडी पालथी पडते. तो दोन्ही कडांना, शक्य तितका उंच असावा. मग भरलेली होडीही सरळ तरंगते आणि धरायला कड राहते. जिथे पेट्रोलचे इंजिन आहे तिथे साधा थर्माकोल नकोच, कारण पेट्रोलने तो विरघळतो.

प्लायवूडच्या जमिनीखाली आणखी एक शत्रू लपतो. तीन मीटर लांब, एक मीटर रुंद तळावर बोटभरही नाही, फक्त एक सेंटिमीटर पाणी साचले तर ते 30 लिटर, म्हणजे 30 किलो होते. हा भार जागेवर बसत नाही. होडी ज्या बाजूला कलते तिकडेच धावतो आणि कल वाढवतो. उघड्या तळावर ते दिसते, डब्याने उपसता येते. बंद जमिनीखाली ते दिसतही नाही. म्हणून जमीन हवीच असेल तर ती तळाच्या फासळ्यांवर टेकेल इतकीच खाली, उचलता येईल अशी आणि उपसायला फट ठेवून करावी. पण बहुतेकांना तेवढीही लागत नाही. फिक्या रंगाची रबरी मॅट तापलेल्या पत्र्याचा चटका अडवते, पाय घसरू देत नाही, आवाज मारते आणि उंची वाढवत नाही. पाठीसाठी मूळच्या बाकालाच ॲल्युमिनियमच्या अँगलचा बुटका टेका लावला, खाली गादीचा तुकडा दिला, तर कंबरेचे काम भागते. स्क्रूची भोके पाण्याच्या रेषेच्या वर बाकात घ्यावीत, तळाच्या पत्र्यात नव्हे. तांब्याचा अंश असलेल्या रसायनाने टिकाऊ केलेले लाकूड ॲल्युमिनियमला टेकवू नये. ओल्यात तांबे ॲल्युमिनियमला खाते.

यावर पहिला आक्षेप अनुभवी माणसाचा असेल: फेकजाळे बसून टाकता येत नाही, आणि आम्ही चप्पूवर उभे राहून जन्म काढला. बरोबर आहे. पण चप्पू पसरट असतो आणि त्याच्यावर चढलेले पाणी लगेच ओघळून जाते. होडी पाणी साठवते. चप्पूची सवय होडीत जशीच्या तशी चालत नाही. उभे राहायचेच तर होडीच्या मधोमध, तळावरच, गुडघे सैल ठेवून. आणि दुसऱ्याने त्या वेळी बसून राहायचे. पुढच्या टोकावर उंच ओटा करून तिथून जाळे फेकण्याची सोय सर्वांत वाईट, कारण तिथे होडी अरुंद असते. पोहता येते म्हणून भय नाही, हेही खरे नाही. पाण्यात आपलीच जाळी सोडलेली असतात, आणि जाळ्यात पाय अडकला तर पट्टीच्या पोहणाऱ्याचेही चालत नाही. म्हणून लाइफ जॅकेट हवेच, आणि टेका इतकाच बुटका ठेवावा, की ते घालून आरामात रेलता येईल. टोचणारे जॅकेट लोक बुडाखाली घेतात.

दुसरा आक्षेप असा की धरणाचे पाणी म्हणजे थांबलेले पाणी, तिथे समुद्राचे नियम कशाला? त्याला उत्तर उजनी धरणाने दिले आहे. 21 मे 2024 रोजी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूरकडच्या कळाशीला निघालेली होडी वादळी वाऱ्याने उलटली आणि सहा जण दगावले. ती प्रवासी होडी होती, पण वारा तोच, जो बीडलाही वळवाच्या दिवसांत दुपार कलताना अचानक सुटतो. नेमक्या त्याच दिवसांत होडीवर सावली हवीशी वाटते. चार खांबांवर ताणलेले कापड, त्याला बाजूचे पडदे, म्हणजे नको तेव्हा उभारलेले शीड. ताशी 60 किलोमीटरचा वारा उभ्या पडद्याच्या एका चौरस मीटरवर 17 किलोहून जास्त जोराने रेटतो, तोही डोक्याच्या उंचीवर. सावली करायची तर एका हिसक्यात खाली येईल अशी, पडद्यांशिवाय. नाहीतर डोक्याला उपरणे आणि पहाटेची वेळ, ही जुनी सोय अधिक शहाणी.

तिसरा आक्षेप पैशाचा, आणि इथे बीडचा निसर्ग आपल्या बाजूने आहे. या जिल्ह्यातले पाणी एका जागी राहत नाही. केज तालुक्यातल्या धनेगावचे मांजरा धरण 2016 साली आटले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. धरण उतरू लागले की काठ रोज मागे सरकतो, मध्ये चिखल पसरतो, आणि होडी दोघांनी उचलून न्यावी लागते. बारा मिलिमीटर प्लायवूडचे आठ बाय चारचे एक पान वीस किलोहून जड, भिजले की आणखी. ते खरेदी करायचे, वर वाहायचे आणि धोकाही पत्करायचा, हा तिहेरी तोटा. मॅट, टेका आणि गादी त्याहून कितीतरी स्वस्त पडतात.

काम झाल्यावर होडी कंबरभर पाण्यात उतरवून पाहावी. वाळूची पोती माणसांच्या जागी ठेवावीत, मग सगळा भार एका बाजूला न्यावा आणि कड पाण्यापासून किती वर राहते ते मोजावे. शेवटी पोती काढून होडी पाण्याने भरावी आणि ती सरळ तरंगते का ते बघावे. परीक्षा केल्यावर तिचा निकाल मानायचाही असतो. 1628 साली स्वीडनच्या ‘वासा’ या युद्धनौकेवर तीस खलाशांना या कडेपासून त्या कडेपर्यंत धावायला लावले होते. जहाज इतके डोलू लागले की चाचणी थांबवली, पण तोफांचे उंच मजले तसेच ठेवले. पहिल्याच सफरीत स्टॉकहोमच्या बंदरात जोराचा झोत आला आणि ते बुडाले. राजाच्या जहाजाला जे चुकले नाही, ते बारा फुटी होडीला चुकणार नाही. वाळूच्या पोत्यांनी कड पाण्याला टेकली, तर खुर्ची काढून ठेवावी आणि जुन्या बाकावर गादी घालून बसावे.