स्थलांतरिताचे कुलवृत्त : क्रुम्बीगल यांच्या चरित्रसाधनांच्या निमित्ताने

बंगळूरच्या उत्तरेस असलेल्या देवनहळ्ळी येथे किल्ल्याजवळील एक लहानसे दगडी आवार टिपू सुलतानाचे जन्मस्थान म्हणून दाखविले जाते. स्थळाविषयी फारसा वाद नाही. जन्मतिथीविषयी मात्र एकवाक्यता आढळत नाही. काही अभ्यासक १७५० चा नोव्हेंबर महिना ग्राह्य मानतात, तर काही १७५१ चा डिसेंबर. स्मारक उभारल्याने असा प्रश्न सुटत नाही, कारण स्मारक हे उत्तरकाळाने केलेले विधान असते. नोंदीचे स्वरूप याहून वेगळे. ती घटनेच्या वेळी आणि बहुधा कोणत्या तरी व्यावहारिक प्रयोजनाने केलेली असते. चरित्रसाधनांचा विचार करताना हा भेद प्रथम ध्यानात घ्यावयास हवा.

टिपूचा पिता हैदर अली याने बंगळूर येथे ज्या लालबागेचा आरंभ केला, तिला विसाव्या शतकात नवे रूप देणारे जर्मन उद्यानतज्ज्ञ गुस्टाव्ह हेर्मान क्रुम्बीगल यांचे जीवन या दृष्टीने अभ्यसनीय आहे. त्यांचा जन्म १८ डिसेंबर १८६५ रोजी सॅक्सनीतील ड्रेस्डेननजीकच्या लोमेन या गावी झाला. पुढे इंग्लंडमध्ये क्यू येथील राजोद्यानात काम करून ते १८९३ मध्ये सयाजीराव गायकवाड यांच्या बडोदे संस्थानात आले. १९०८ मध्ये त्यांनी म्हैसूर संस्थानची सेवा पत्करली आणि १९३२ मध्ये ते निवृत्त झाले. मायदेशी न परतता ते बंगळूरमध्येच राहिले व ८ फेब्रुवारी १९५६ रोजी तेथेच निधन पावले. होसूर रस्त्यावरील मेथडिस्ट दफनभूमीत त्यांचे थडगे असून अलीकडे त्यांच्या वंशजांच्या पुढाकाराने त्याचा जीर्णोद्धार झाला आहे.

अशा पुरुषाचे कुलवृत्त कसे लिहावयाचे? मराठीत विसाव्या शतकाच्या आरंभापासून कुलवृत्तान्तांची एक समृद्ध परंपरा निर्माण झाली. मूळ गाव, गोत्र, कुलदैवत आणि शाखा ही त्या रचनेची अंगे होत. घराण्यातील पुरुष परमुलखी गेला, तरी त्याची नोंद मूळ पुरुषापासून निघालेल्या शाखेवरच केली जाते. ही पद्धती घराण्याचे स्थैर्य गृहीत धरते. स्थलांतरित पुरुषाच्या बाबतीत हे गृहीतच ढळते. त्याच्या आयुष्यातील प्रत्येक टप्प्याची नोंद वेगळ्या सत्तेने, वेगळ्या भाषेत आणि वेगळ्या हेतूने केलेली असते.

जन्माचेच उदाहरण घेता येईल. संपूर्ण जर्मन साम्राज्यात नागरी जन्मनोंदणी १८७६ पासून लागू झाली. त्यापूर्वीच्या जन्माचा शोध सामान्यतः चर्चमधील बाप्तिस्म्याच्या वहीत घ्यावा लागतो. ही वही बालकास धर्मसमूहाचा घटक म्हणून ओळखते. क्यू येथील माजी सेवकांची संघटना १८९३ मध्येच स्थापन झाली आणि आपल्या नियतकालिकातून ती जगभर विखुरलेल्या सभासदांचा वृत्तान्त देऊ लागली. तिच्या दृष्टीने मनुष्य म्हणजे व्यवसायबंधू. संस्थानी दप्तर त्याला हुद्दा, वेतन आणि बदली यांवरून ओळखते. परकीय आडनावाचे लेखन तर मराठी, गुजराती आणि कन्नड लिप्यांत निरनिराळे होऊ शकते. म्हणून दप्तरात केवळ नावाने शोध घेणाऱ्याच्या हाती फारसे लागत नाही. हुद्दा आणि खाते यांच्या आधारेही शोध घ्यावा लागतो.

१९३९ मध्ये महायुद्ध सुरू होताच आणखी एका प्रकारची नोंद निर्माण झाली. हिंदुस्थानातील जर्मन नागरिकांना शत्रुराष्ट्रीय ठरवून स्थानबद्ध करण्यात आले. देवळाली व डेहराडून येथे त्यांच्यासाठी छावण्या होत्या. पुरंदर व सातारा येथे कुटुंबांना ठेवण्यात आले होते. ज्याने उभी हयात दोन संस्थानांच्या सेवेत वेचली, त्या क्रुम्बीगल यांनाही वृद्धापकाळी या स्थानबद्धतेस सामोरे जावे लागले. सेवेच्या कागदांत जो विश्वासू अधिकारी, तोच या कागदांत संशयास्पद परकीय ठरतो. दोन्ही नोंदी अधिकृत आहेत; त्यांतील एकच स्वीकारून लिहिलेले चरित्र मात्र अपुरे राहील.

सार्वजनिक स्मृती अशी निवड सहज करते. लालबागेलगतच्या रस्त्यास आणि उद्यानातील एका सभागृहास क्रुम्बीगल यांचे नाव देण्यात आले. वर्षभर एकापाठोपाठ एक बहरणाऱ्या वृक्षांची योजना बंगळूरकर कृतज्ञतेने त्यांच्याशी जोडतात. या स्मरणात स्थानबद्धतेला क्वचितच स्थान मिळते, आणि १८९३ पासूनची सुमारे पंधरा वर्षे केवळ प्रस्तावनेपुरती उरतात. ही वर्षे बडोद्याची आहेत. ज्या संस्थानाच्या व्यवहारात इंग्रजी आणि गुजरातीबरोबर मराठीचाही वापर होता, तेथील हा काळ आहे. तेव्हा या उणिवेची काही जबाबदारी मराठी अभ्यासकांवरही येते.

कौटुंबिक कागदपत्रांचे मोल येथेच स्पष्ट होते. पत्रे, छायाचित्रे आणि घरी सांगितल्या जाणाऱ्या आठवणी तारखांच्या बाबतीत सरकारी नोंदीइतक्या भरवशाच्या नसतात. कुटुंबाचे प्रेम आणि संकोच या दोहोंचा ठसा त्यांवर असतो. तथापि बाप्तिस्मा झालेले बालक, बडोद्याचा अधिकारी, लालबागेचा अधीक्षक, स्थानबद्ध वृद्ध आणि होसूर रस्त्यावर चिरनिद्रा घेणारा मनुष्य हे सर्व एकच होत, ही जाणीव सलगपणे जपतात ते मुख्यतः घरचे लोक. दप्तरांना त्या एकत्वाची गरज नसते.

म्हणून स्थलांतरिताच्या चरित्रकाराने तिथ्या दप्तरांतून घ्याव्यात, कुटुंबाच्या कथनातून त्या तिथ्यांमधील संबंध शोधावा आणि दोहोंत विसंगती आढळल्यास ती लपवू नये. कुलवृत्तान्ताच्या मराठी परंपरेनेही या दिशेने विस्तारावयास हवे. जो येथे जन्मला नाही, परंतु येथेच जगला आणि येथल्या मातीत विसावला, त्याला कोणत्या शाखेवर दाखवावयाचे, या प्रश्नाचे उत्तर त्या परंपरेने अद्याप दिलेले नाही.