हॅपी बर्थडे, दाणे वजा!

चिवड्यातले दाणे निवडून काढले की चिवडा बिनदाण्याचा होतो, असं मला गेल्या वर्षीपर्यंत अगदी मनापासून वाटायचं.

लेकीचा पाचवा वाढदिवस होता. घरात वीसेक पोरं, भिंतीवर फुगे, पंख्याला झिरमिळ्या, फुल टू कल्ला! तिच्या वर्गातल्या एका मित्राच्या आईनं दारातच सांगितलं होतं, ‘त्याला दाणे चालत नाहीत हं, आणि दुधाचंही काही नको.’ मी यजमानाच्या उत्साहात ‘नो प्रॉब्लेम!’ म्हणून टाकलं. कागदी प्लेटमध्ये चिवडा घेतला, एकेक दाणा शोधून बाजूला काढला आणि प्लेट त्याच्या हातात दिली. वर मनात म्हटलं, काय केअरिंग माणूस आहे मी.

दहा मिनिटांत पोराचे ओठ सुजले. मानेवर, पोटावर गांधी उठल्या. मग खोकला सुरू झाला, आणि तो थांबेचना. त्याच्या आईनं पर्समधून एक पाऊच काढलं, चड्डीवरूनच मांडीच्या बाहेरच्या बाजूला इंजेक्शन दिलं आणि मला म्हणाली, ‘गाडी काढा.’ आवाज अजिबात चढला नव्हता. त्यानंच मला जास्त भीती वाटली.

पोरगं वाचलं. अशी रिअ‍ॅक्शन ओसरल्यावर काही तासांनी पुन्हा उसळी मारू शकते, म्हणून त्याला देखरेखीखाली ठेवलं होतं. रात्री तो कॉटवर बसून कार्टून बघत होता आणि मी बाहेर बाकड्यावर. त्याची आई मला एक शब्दही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

यंदा सहावा. आमंत्रणाचा फोन केला तेव्हा ती म्हणाली, ‘येतो ना! पण केक-बिक झाला की येऊ, खेळायला. आणि त्याचा डबा असतो त्याच्याबरोबर.’ फोन ठेवला तर शेजारी लेक उभी. ‘बाबा, तो सगळ्यांच्या बर्थडेला डबाच खातो.’

झालं. त्या रात्री मी जाहीर केलं की यंदाच्या पार्टीत एकही पदार्थ असा नसेल जो त्याला चालत नाही. त्याच्यासाठी वेगळी प्लेट नाही. सगळ्यांना तेच. बायको म्हणाली, ‘छान! मग हे सगळं तू करायचंस.’

दुसऱ्या दिवशी त्याच्या आईला परत फोन लावला आणि क्लायंटकडून रिक्वायरमेंट घेतो तशी अर्धा तास माहिती घेतली. दाणे भाजले, तळले, शिजवले, तरी त्यातलं प्रोटीन निरुपद्रवी होत नाही. रिफाइंड तेलात ते जवळजवळ उरत नाही, पण घाण्याच्या शेंगदाणा तेलात उरू शकतं. दुधाचं तर मी कायम चुकीचंच समजत होतो. दूध पचत नाही, पोट बिघडतं, तो प्रकार लॅक्टोजचा. अ‍ॅलर्जी असते दुधातल्या प्रोटीनची. म्हणजे लॅक्टोज-फ्री दूध इथे कामाचं नाही, आणि साजूक तुपातही दुधाचा अंश राहतो. ‘हरभऱ्याची डाळ?’ मी घाबरत विचारलं, कारण शेंगदाणाही शेवटी डाळीच्याच कुळातला. ‘ती चालते, तपासलंय,’ ती म्हणाली. हुश्श! बेसन वाचलं.

मग खरेदी. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 2020च्या लेबलिंग नियमांनुसार पॅकबंद खाण्यावर दूध, अंडी, मासे, शेंगदाणे, सुकामेवा, सोयाबीन, गहू वगैरेंचा उल्लेख करावा लागतो. हे सगळं असतं मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात. सुपरमार्केटमध्ये मोबाइलचा कॅमेरा झूम करून मी पाकिटं वाचत उभा. ब्रेडमध्ये मिल्क सॉलिड्स. मसाला वेफर्समध्ये मिल्क पावडर. डार्क चॉकलेट म्हणून आनंदानं उचललं, तर खाली ‘मे कंटेन मिल्क’.

सुट्ट्या मालाला तर लेबलच नाही. फरसाणवाल्याला विचारलं, ‘यात दाणे आहेत का?’ तो म्हणाला, ‘काढून देतो की साहेब!’

मला घाम फुटला. एक वर्षापूर्वीचा मीच काउंटरपलीकडे उभा होतो. तीच कढई, तोच झारा, तेच तेल. घरी भेळ करावी म्हटलं, तर कुरमुऱ्यांचीही तीच गत. भट्टीवर बहुतेकदा कुरमुरे, फुटाणे आणि दाणे शेजारी शेजारी भाजले जातात, कधी कधी एकाच वाळूत. भेळ कटाप.

पण खरा सामना घरात होता. माझी आई! मराठी सुगरणीला ‘दाण्याचं कूट वापरू नकोस’ म्हणणं म्हणजे सचिनला बॅटशिवाय खेळ म्हणण्यासारखं आहे. पोह्यांत दाणे, कोशिंबिरीत कूट, वांग्याच्या भाजीत कूट, उपास तर दाण्यांवरच चालतो. (गंमत म्हणजे हा शेंगदाणा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. आता आपल्या पितरांनाही त्याच्याशिवाय जेवण जात नसेल.) आई म्हणाली, ‘आमच्या वेळी नव्हतं बाबा असलं काही. आणि कुटाशिवाय कोथिंबीर वडी? खुटखुटीत कशी होणार?’

मी वाद घातला नाही. मिक्सरचं छोटं भांडं तिच्यापुढे ठेवलं. घासून, पुसून, चकाचक. ‘हे स्वच्छ आहे ना?’ ‘म्हणजे काय!’ मी झाकणाची रबरी रिंग काडीनं उचकटली. आत ओळीनं बसलं होतं, घट्ट, पिवळट, कधीचं कोण जाणे... कूट.

आई काही बोलली नाही. अर्ध्या तासानं बघतो तर कुटाचा डबा, दाण्याची बरणी आणि ते भांडं एका पिशवीत घालून ती शेजारच्या काकूंकडे ठेवायला निघाली होती. त्यानंतर स्वयंपाकघराची सूत्रं तिच्याकडे गेली, आणि खरं सांगतो, मी सुटलो. लाकडी पोळपाट-लाटणं, चिरांत काय अडकलंय माहीत नाही म्हणून, माळ्यावर. साबुदाणा वड्याचं उरलेलं तेल बाद, सूर्यफुलाचं नवं पाकीट. ओटा, डबे, दाराच्या कड्यासुद्धा साबणाच्या पाण्यानं. हातही साबणानंच, कारण सॅनिटायझर जंतू मारतो, शेंगदाण्याचं प्रोटीन हातावरून काढत नाही. हे मी आईला सांगितलं, तिनं आल्यागेल्या सगळ्यांना सांगितलं.

मेन्यू ठरला. बिनकुटाची कोथिंबीर वडी. आईनं बेसनाला थोडी तांदळाची पिठी लावली आणि उकडल्यावर पातळ कापून तळली. मस्त खुटखुटीत! पिटुकल्या इडल्या आणि बटाट्याची सुकी भाजी. पाकीटबंद मक्याचे घरी फोडलेले पॉपकॉर्न, बटरऐवजी तेल-हळद-मीठ. कुल्फीच्या साच्यात कलिंगडाच्या रसाच्या कांड्या.

केक माझ्याकडे. दूध, लोणी, अंडी काहीच नसलेला केक अमेरिकेत हे जिन्नस महाग आणि दुर्मिळ असतानाच्या काळात लोकप्रिय झाला. दीड कप मैदा, एक कप साखर, तीन मोठे चमचे कोको, एक छोटा चमचा सोडा, अर्धा छोटा चमचा मीठ एकत्र चाळायचं. मग एक कप पाणी, पाव कपापेक्षा जरा जास्त तेल, एक छोटा चमचा व्हॅनिला आणि शेवटी एक मोठा चमचा व्हिनेगर. सोडा आणि व्हिनेगर भेटले की बुडबुडे सुटतात, त्यावरच केक फुगतो. म्हणून कालवलं की ताबडतोब 180 डिग्रीला तापलेल्या ओव्हनमध्ये ढकलायचं, 30 ते 35 मिनिटं. पहिल्या खेपेला मिश्रण ओट्यावर ठेवून मी ऑफिसचा एक कॉल घेतला. सगळा गॅस निघून गेला आणि भाकरी झाली. कोको फ्लेवरची. दुसऱ्या खेपेला मोबाइल बेडरूममध्ये ठेवला. वरून पिठीसाखर, कोको आणि नारळाच्या दुधाचं आयसिंग.

पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘कृपया खाऊ आणू नका’ असं टाकलं होतं. तरी एक काका चिक्कीचा बॉक्स घेऊन आलेच. ‘एवढ्याशानं काय होतंय?’ आई दारात आडवी उभी राहिली. ‘एवढंस्सं पण नाही!’ बॉक्स गेला काकूंकडे. काका हात धुवायला बेसिनवर.

तो आला, आईचा हात धरून, खांद्याला डब्याची पिशवी. तिनं इंजेक्शनचं पाऊच दाराजवळच्या खुंटीला, सगळ्यांना दिसेल असं लावलं. ते कसं द्यायचं हे मी आधीच तिच्याकडून शिकून घेतलं होतं. रिअ‍ॅक्शन वाढू लागली की आधी इंजेक्शन, लगेच हॉस्पिटल, अ‍ॅलर्जीच्या सिरपवर भरवसा ठेवून बसायचं नाही. वापरलेल्या प्रत्येक जिनसाचं पाकीट मी ओट्यावर ओळीनं मांडून ठेवलं होतं. मैदा, कोको, बेसन, तेल, अगदी मीठसुद्धा. तिनं एकेक उचललं, उलटं केलं, वाचलं. माझ्या आईला भांड्यांबद्दल विचारलं. पाच-सात मिनिटं लागली असतील. अप्रेझलच्या मीटिंगमध्येही माझी इतकी वाईट अवस्था झालेली नाही.

मग ती बाहेर आली. पोरगं केकसमोर हात मागे बांधून उभं होतं. तशी सवयच असावी त्याला.

‘काका, हे मी खाऊ?’

मी तिच्याकडे बघितलं. तिनं मान हलवली, पण डोळे पाऊचवरच होते.

त्यानं केक खाल्ला, दोनदा. वड्या किती, ते आईनं मोजल्या: सात. तासाभरानं डब्याची आठवण आली, म्हणून मी शोधायला गेलो. डबा गॅलरीत उघडा पडला होता आणि माझ्या लेकीसकट चार-पाच जण त्याभोवती मांडी घालून बसले होते. आतली तिखट-मिठाची पुरी संपत आली होती, आणि शेवटच्या तुकड्यावरून मारामारी चालली होती.