पडद्यावरचा वर्ग : यवतमाळची साडेतीन दशके

वर्गाबाहेरून शिकणे यवतमाळला नवे नाही. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले आणि शेती, नोकरी, संसार सांभाळून मराठी पुस्तकांवर पदवी घेण्याची सोय झाली. रविवारच्या संपर्कसत्रात शंका विचारता यायच्या. तरी ‘मुक्तची पदवी’ म्हटले की नाक मुरडणारे होतेच.

त्याच वर्षी अमेरिकेत संशोधक फ्रेड डेव्हिस यांनी मांडले, की माणूस तंत्रज्ञान स्वीकारतो ते त्याचा उपयोग आणि सोपेपणा पाहून. यवतमाळच्या विद्यार्थ्याचा तिसरा प्रश्न असतो : अडले तर विचारायचे कोणाला?

२०१६ मध्ये जिओ आले, डेटा स्वस्त झाला. २०१७ मध्ये केंद्र सरकारचे ‘स्वयम’ हे ऑनलाइन अभ्यासक्रमांचे व्यासपीठ सुरू झाले. कुतूहल होते, पण बहुतेक अभ्यासक्रम इंग्रजीत. मराठी माध्यमातून आलेल्यांचे घोडे तिथेच अडले.

मार्च २०२० च्या टाळेबंदीने मात्र निवडीची संधीच ठेवली नाही. जिल्ह्यातल्या झरी-जामणी, मारेगावकडच्या कित्येक घरांत एकच स्मार्टफोन, तोही वडिलांबरोबर वावरात. पोरगी स्लॅबवर चढून रेंज धरायची, डेटा वाचावा म्हणून कॅमेरा बंद ठेवायची आणि मध्येच म्हणायची, “सर, आवाज तुटून राहिला.” हळूहळू तासाची जागा व्हॉट्सॲपवरच्या पीडीएफने घेतली. फेब्रुवारी २०२१ मध्ये महाविद्यालये उघडतात न उघडतात तोच कोरोना उसळला आणि जिल्ह्यात ती पुन्हा बंद झाली. प्रात्यक्षिके तर पडद्यावर होणारच नव्हती. ऑनलाइन परीक्षा मात्र अनेकांना हवीहवीशी वाटली. ती ओढ शिकण्याची नव्हती, सुटकेची होती.

ऑक्टोबर २०२१ पासून वर्ग पुन्हा भरू लागले. आज तीच मुले न समजलेला धडा यूट्यूबवर दोनदा पाहतात, स्पर्धा परीक्षेची तयारीही मोबाइलवर करतात. त्यांचा कौल स्पष्ट आहे : ऑनलाइन शिक्षण जोडीला हवे, वर्गाच्या बदल्यात नको.

हा कौल महाविद्यालयांनी मानावा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत विषय ‘स्वयम’वरून करता येतात. ही मुभा वापरायची तर आधी ग्रंथालयातले संगणक संध्याकाळीही खुले ठेवा, मराठीत व्हिडिओ तयार करा आणि शंका विचारायला ठरलेल्या वेळी शिक्षक हजर ठेवा. एवढे जमत नसेल, तर विषय पडद्यावर ढकलू नका.