तारीख साठवणारे व्यापारी

लेखमाला : चाकांचा हिशेब
लेखांक ६

गेल्या आठवड्यात आपण पाहिलं, की जपानमध्ये गाडी जुनी होत गेली की ती सांभाळणं महाग पडत जातं. दर दोन वर्षांनी ‘शाकेन’ची सक्तीची तपासणी असते आणि पेट्रोल गाडीने तेरा वर्षं ओलांडली की कर वाढतो. त्यामुळे धडधाकट गाड्याही लिलावात येऊन उभ्या राहतात. त्या उचलून चढ्या भावाने विकणाऱ्यांचा हिशेब आज मांडू.

लासलगावच्या बाजूला कांदा चाळीत भरून ठेवणारा माणूस भाव चढायची वाट बघतो. अवकाळी पाऊस, निर्यातबंदी, दुसऱ्या राज्यातलं पीक, कशाने डाव उलटेल याचा नेम नसतो. निस्सानची स्कायलाइन जीटी-आर साठवणाऱ्या अमेरिकी व्यापाऱ्याला निदान एक गोष्ट पक्की ठाऊक असते. अमेरिकेचा बाजार त्याच्या मालाला कोणत्या महिन्यात उघडणार, हे गाडी कारखान्यातून बाहेर पडली तेव्हाच ठरलेलं असतं.

याचं मूळ १९८८ सालच्या एका अमेरिकी कायद्यात आहे. त्या दशकात युरोपातून मर्सिडीज, बीएमडब्ल्यू अशा गाड्या लोक परस्पर आणू लागले होते. कंपनीच्या अधिकृत विक्रेत्यांचा धंदा बुडायला लागला, तशी या वाटेला कडक कुलपं लागली. अमेरिकेच्या सुरक्षा निकषांनुसार न बांधलेली गाडी कायमची आणायची, तर नोंदणीकृत आयातदाराकडून ती निकषांत बसवून घ्यावी लागते. त्याचा खर्च ऐकूनच साधा माणूस नाद सोडतो. एक दार मात्र उघडं राहिलं. गाडी बनून पंचवीस वर्षं झाली, की सुरक्षा निकषांची अट सुटते. प्रदूषणाच्या नियमातली सूट तर एकविसाव्या वर्षीच मिळते.

आता तारखा लावून बघा. १९८९ मध्ये आलेली आर-३२ जीटी-आर २०१४ मध्ये मोकळी झाली. १९९५ची आर-३३ त्यानंतर २०२० मध्ये, आणि जानेवारी १९९९ मध्ये आलेली आर-३४ जानेवारी २०२४ मध्ये. मोजणी वर्षाची नसून महिन्याची आहे. मार्चमध्ये बनलेली गाडी फेब्रुवारीत अमेरिकेच्या बंदरावर उतरली, तर ती बेकायदा. शेजारच्या कॅनडात हीच मुदत पंधरा वर्षांची. म्हणजे सीमेच्या एका बाजूला आर-३४ दहा वर्षं राजरोस फिरत होती आणि दुसऱ्या बाजूची मंडळी कॅलेंडरची पानं उलटत बसली होती.

वाट बघणारे एवढे का? ही गाडी निस्सानने अमेरिकेत कधी विकलीच नाही, पण तिथल्या पोरांनी ती ‘चालवली’ होती. १९९७ च्या शेवटी प्लेस्टेशनवर ‘ग्रान टुरिस्मो’ हा खेळ आला. मग २००१ पासून ‘फास्ट अँड फ्युरियस’चे चित्रपट आले. खोलीत बसून हातातल्या कंट्रोलरने जीटी-आर पळवणारी ती पोरं आज चाळिशीत आहेत आणि त्यांच्या खिशात पैसा आहे. त्यात माल कमी. आर-३२ जीटी-आर सुमारे ४४ हजार बनल्या, आर-३४ जेमतेम साडेअकरा हजार. नवी असताना जपानमध्ये तिची किंमत सुमारे ५० लाख येनपासून सुरू व्हायची. चित्रपटात पॉल वॉकरने चालवलेली एक आर-३४ मे २०२३ मध्ये बॉनहॅम्सच्या लिलावात १३ लाख ५७ हजार डॉलरला गेली. ती नटाची पुण्याई होती हे खरं. पण असा आकडा छापून आला, की गल्लीतल्या साध्या आर-३४चा मालकही भाव वाढवून सांगतो.

धंद्याची रीत अशी. मुदत भरायला दोन-तीन वर्षं असतानाच गाडी जपानमध्ये विकत घ्यायची, तिथेच गोदामात ठेवायची आणि महिना भरला की जहाजावर चढवायची. या खेळात येनही भिडू असतो. २०१२ मध्ये एका डॉलरला ८० येनच्या आसपास मिळत होते. जुलै २०२४ मध्ये १६० हून जास्त. येनमध्ये किंमत तीच राहिली असती, तर डॉलरवाल्याला गाडी निम्म्यात पडली असती. अर्थात जपानी विकणारेही खुळे नाहीत, त्यांनी येनमधले भाव चढवले. मार बसला तो ओसाका-नागोयातल्या हौशी तरुणाला. पगार येनमध्ये आणि लिलावात गाठ डॉलरशी.

नफ्याची दुसरी जागा एका कागदात आहे. जपानमधले मोठे लिलाव फक्त सभासद व्यापाऱ्यांसाठी असतात. टोकियोजवळ नोदा इथे ‘यूएसएस’चा लिलाव दर गुरुवारी भरतो. तिथे प्रत्येक गाडीसोबत तपासनिसाने भरलेला तक्ता असतो. त्यावर गाडीची आकृती, आकृतीवर खुणा: ‘ए’ म्हणजे ओरखडा, ‘यू’ म्हणजे पोचा, ‘डब्ल्यू’ म्हणजे दुरुस्ती करून रंगवलेला भाग, ‘एक्सएक्स’ म्हणजे बदललेला पत्रा. वर एकूण श्रेणी. ‘आर’ असेल तर अपघातानंतर सांगाड्याची दुरुस्ती झालेली आहे.

तक्ता जपानी भाषेत असतो आणि गाडी दोन-तीन हात फिरली की बहुधा मागेच राहतो. ओरेगॉनमधल्या गिऱ्हाइकासमोर उरते ती फक्त चकचकीत गाडी. आपल्याकडचा एजंट ‘सिंगल ओनर, नॉन-अ‍ॅक्सिडेंटल’ म्हणतो, त्याच सुरात तिथेही गाडी ‘क्लीन’ असते. प्रत्येक हाताला थोडा टचअप होतो आणि थोडं मार्जिन सुटतं. यालाच तिकडे ‘फ्लिपिंग’ म्हणतात. काही जण तर साधी मागच्या चाकांवर चालणारी स्कायलाइन जीटी-आरचा पोशाख चढवून उभी करतात. ते पकडायला सांगाडा क्रमांक बघावा: खरी आर-३४ जीटी-आर ‘बीएनआर३४’ने सुरू होते, साध्या टर्बोवर ‘ईआर३४’ असतं. मूळ तक्ता मागा आणि क्रमांक जुळवा. विकणारा टाळाटाळ करू लागला, तर उत्तर मिळालं असं समजा.

व्यापाऱ्याला सरसकट खलनायक ठरवायचं कारण नाही. भांडवल अडकतं, दमट गोदामात पत्रा गंजतो, भाव पडले तर तोंडावर आपटतो तोच. फक्त त्याच्या नफ्यात गाडीच्या गुणांचा वाटा आपल्याला वाटतो त्याहून कमी असतो. मोठा वाटा तारखेचा, आणि त्या कागदाचा.

तारखेचा साठा मात्र संपत आला आहे. शेवटच्या आर-३४ ऑगस्ट २००२ मध्ये बनल्या. त्यांची मुदत ऑगस्ट २०२७ मध्ये भरते. पुढची पिढी, आर-३५, निस्सानने २००८ पासून अमेरिकेत स्वतःच विकली. तिला कुलूप कधी नव्हतंच, त्यामुळे तिची तारीख साठवून काही हाती लागणार नाही. २०२७ नंतर जीटी-आरवाल्यांची चाळ रिकामी. मग गाडी विकायची तर ती गाडी म्हणून चांगली असावी लागेल.

(पुढील लेखांकात : वीस वर्षं बंद असलेले सुटे भाग कंपन्या पुन्हा का बनवू लागल्या?)