जुन्या रेडिओ-नियंत्रित ड्रिफ्ट कारची कमी खर्चात पुनर्बांधणी

ड्रिफ्ट कार नियंत्रित घसरणीसाठी असते. म्हणून तिचे टायर कडक प्लास्टिकचे असतात. १:१० प्रमाणातील जुनी कार घेतल्यास आधी खर्च कशावर करावा?

१. मोटर काढून चाके हाताने फिरवा. अडखळल्यास बेअरिंग बदला. ती स्वस्त असतात आणि घर्षण घटवतात.

२. स्टिअरिंगच्या सांध्यांतील ढिलेपणा काढा. मागील चाकांवर चालणाऱ्या कारमध्ये जायरो कार वळण्याचा वेग मोजतो आणि सर्व्होमार्फत पुढची चाके घसरणीच्या दिशेने वळवतो. सांधे ढिले असल्यास ही दुरुस्ती उशिरा पोहोचते व कार गरकन फिरते.

३. नवी मोटर शेवटी घ्या. पकड कमी असताना जादा ताकद वाया जाते.

सावधान: फुगलेली लिथियम-पॉलिमर बॅटरी फुकट मिळाली तरी वापरू नका, ती पेट घेऊ शकते.